पेरसाळ दर वर्षी पिवळी पडते? युरियाची गोणी फोडण्याआधी मूळ बघा

नांदेड, हिंगोली, परभणीच्या पट्ट्यात पेरसाळ, म्हणजे चिखलणी न करता कोरड्या रानात पेरलेला भात, करणाऱ्यांचा एक प्रश्न दर पावसाळ्यात ठरलेला असतो. उगवण झकास झाली, तीन आठवडे रान डोळ्यांत भरेल असं होतं, आणि आता पिवळं पडत चाललंय. एकरी युरिया किती टाकू? म्हणजे रोग विचारायच्या आधीच औषध ठरलेलं. युरिया टाकल्यावर चार दिवस बरं वाटतं, पुन्हा तेच. मग दुसरी गोणी, मग दुकानातली पांढरी मुळी वाढवते म्हणून विकली जाणारी बाटली, आणि पोटरीत (लोंबी बाहेर पडायच्या आधी) येईपर्यंत पैसा संपलेला, फुटवे मोजकेच.

हे दुखणं मी पुष्कळ रानांत निस्तरलंय. खत कमी पडलं म्हणून साळ पिवळी पडली, असं आपल्याकडच्या चुनखडीच्या काळ्या रानात फार कमी वेळा निघतं. खत असतं, पण मूळ ते उचलू शकत नाही. म्हणून तपासणी शेंड्यापासून सुरू करायची आणि मुळाशी संपवायची.

आधी लक्षणं नीट बघा

सगळ्यात जास्त दिसणारं चित्र असं: शेंड्याचं कोवळं पान पिवळं, शिरा हिरव्या आणि दोन शिरांमधला भाग फिका. पुढं तेच पान कागदासारखं पांढरट होतं, पण खालची जुनी पानं बऱ्यापैकी हिरवी राहतात. रान सलग पिवळं नसतं, पट्ट्यापट्ट्यानं असतं, आणि बांधाच्या कडेला सखल जागी, जिथं पाणी थांबतं, तिथं साळ हिरवी असते. हे लोहाचं काम.

याच्या उलट, खालची जुनी पानं टोकाकडून पिवळी होत येतात, अख्खं रोप फिकट असतं, फुटवे कमी, तर तिथं नत्र कमी आहे. रोप खुजं, ताठ, पानं मात्र गर्द हिरवी आणि फुटवाच नाही, तर स्फुरद बघा. ही साळ हिरवी दिसते म्हणून कुणी तक्रार करत नाही, आणि म्हणूनच ती हातची जाते. खालच्या पानांवर तांबूस-तपकिरी ठिपके, पानाच्या बुडाकडं मधली शीर पांढरट, एकाच ओळीत एक रोप वीतभर आणि शेजारचं बोटभर, तर जस्त. पालाशची कमतरता जुन्या पानांच्या कडा करपून दिसते, पण काळ्या जमिनीत पालाश बहुधा भरपूर असतो, त्यामुळं तो शेवटी.

आणि एक लक्षण, ज्याला लोक लक्षणच मानत नाहीत: वरून काळीभोर, तजेलदार साळ, पण आठ दिवस पावसानं उघडीप दिली की दुपारी पानं गुंडाळतात आणि रोप धरून ओढलं तर सहज हातात येतं. नत्र जास्त झालं की असं होतं.

हे असं का होतं

पानात तयार झालेली साखर शेंडा आणि मूळ वाटून घेतात. वाटा कुणाला किती, हे बरंचसं अन्नद्रव्य ठरवतं. नत्र किंवा स्फुरद कमी पडलं की रोप साखरेचा मोठा हिस्सा मुळाकडं वळवतं. शेंडा थांबतो, मूळ लांब होऊन अन्न शोधत फिरतं. नत्र भरपूर मिळालं की उलटं होतं. मुळाला लांब जायची गरज उरत नाही, सगळा जोर पानांवर. मुळं वरच्या चार बोटांत आखूड राहतात. जिथं पाणी कायम उभं असतं तिथं हे खपून जातं. आपल्याकडं मृगात पेरलेल्या साळीला पुनर्वसू-पुष्यात ताण बसतो, तेव्हा वरची माती सुकते आणि खाली मूळच नसतं.

पालाशचं गणित वेगळं. तो कमी असला की पानातली साखर खाली उतरतच नाही, मूळ उपाशी राहतं. लोह कमी असलं की पानात हिरवेपणाच तयार होत नाही, म्हणजे साखरच कमी, आणि मुळाच्या वाट्याला त्यातलंही उरलेलं. म्हणून पिवळेपणा सगळा एकच समजून एकच गोणी टाकणं महागात पडतं.

पहिली तपासणी: फेरफटका, खर्च शून्य

सकाळी उन्हाच्या आधी रानात फिरा आणि पिवळं कुठं आहे याचा नकाशा कागदावर काढा. तिफणीच्या ओळीप्रमाणं सरळ पट्टे दिसले तर खत सोडायचं चाडं पेरताना तुंबलं होतं. गोल ठिगळं दिसली तर सूत्रकृमी किंवा हुमणीचा संशय. उंचवट्यावर पिवळं आणि सखल जागी हिरवं दिसलं तर लोहाकडं बोट जातं.

सखल जागी हिरवं का? पाणी साचलं की मातीतली हवा संपते आणि जमिनीत गंजून बसलेलं लोह विरघळणाऱ्या रूपात येतं. भाताचं मूळ ते रूप सरळ उचलतं. पेरसाळीच्या रानात हवा खेळती असते, जमिनीचा सामू (पीएच) ८ च्या वर, चुना भरपूर, म्हणून लोह असूनही मिळत नाही. झडीचा पाऊस होऊन पाणी चार-सहा दिवस थांबलं आणि साळ आपोआप हिरवी झाली, असं तुमच्या रानात घडलं असेल तर ती लोहाची खूण आहे.

इथं नेहमी एक प्रश्न येतो. त्याच रानात रब्बीला गहू हिरवागार येतो, मग साळच का? गहू आणि भात दोन्ही गवतवर्गातले. दोघांचीही मुळं लोह पकडून आणणारा एक पदार्थ जमिनीत सोडतात. पण गहू तो पुष्कळ सोडतो आणि भात फार थोडा. भाताची मूळ सवय चिखलाची, तिथं त्याला याची गरज कमी. आपण त्याला कोरड्या रानात आणलंय.

याच फेरफटक्यात आठवा, गेल्या दहा दिवसांत काय फवारलं? तणनाशकाच्या झटक्यानं साळ पिवळी पडते आणि बहुधा आठ-दहा दिवसांत सावरते. सोयाबीनला इमाझेथापायर मारलेला पंप न धुता साळीत नेला असेल, तर ते दुखणं खताचं नाहीच. आमच्याकडं शेजारी सोयाबीन नाही असं रान सापडणं कठीण, म्हणून हे मी आधी विचारतो.

दुसरी: मूळ धुऊन बघणं, खर्च एक बादली पाणी

रोप उपटू नका. उपटलं की बारीक मुळं जमिनीतच राहतात आणि तुम्ही उगाच म्हणता, मुळीच नाही. खुरप्यानं किंवा कुदळीनं वीतभर रुंद आणि तितकंच खोल ढेकूळ काढा. एक पिवळ्या जागेचं, एक हिरव्या जागेचं. दोन्ही बादलीत भिजत घाला. काळी माती चिवट असते, अर्धा तास तरी लागतो. मग हलक्या हातानं हलवून माती सोडवा आणि दोन्ही रोपं पांढऱ्या फडक्यावर शेजारी ठेवा.

पांढरी टोकं म्हणजे मूळ जिवंत आहे, वाढतंय. पाणी साचलेल्या जागी मुळांवर तांबूस लेप दिसला तर घाबरू नका. मूळ बाहेर हवा सोडतं, त्यामुळं लोह त्याच्याभोवती गंजून बसतं. काळी पडलेली, सडक्या अंड्याचा वास येणारी मुळं मात्र वाईट. तिथं चिबड झालंय, पाणी काढून द्या, आणि ती जागा कोरडी होईपर्यंत कोणतंही खत टाकू नका, कारण घ्यायला मूळच नाही.

मुळाच्या टोकाशी आकड्यासारखी वळलेली गाठ दिसली तर ती सूत्रकृमी. मूळ कुरतडल्यासारखं तुटलेलं असेल तर हुमणी. ढेकळात पांढरी अळी मिळतेच.

आता लांबी बघा. मूळ लांब, बारीक, शाखा कमी आणि शेंडा लहान फिकट, तर भूक नत्राची. मूळ आखूड, वरच्या वर गुच्छ आणि शेंडा जोरदार, तर नत्र जास्त. मूळ खाली जाता जाता काटकोनात आडवं वळलेलं असेल तर खाली कडक थर आहे. वर्षानुवर्षं एकाच खोलीला रोटाव्हेटर फिरवलेल्या रानात हे हमखास सापडतं. त्या थराखाली अन्न आणि ओल दोन्ही असते, मूळ पोचत नाही. उभ्या पिकात याला इलाज नाही. उन्हाळ्यात खोल नांगरटच लागते, त्यामुळं उगाच खतावर खर्च वाढवू नका.

तिसरी: चुना आणि पाणी

मातीच्या कोरड्या ढेकळावर पातळ केलेल्या हायड्रोक्लोरिक आम्लाचे चार थेंब टाका. फसफसलं तर चुनखडी आहे, जितका जोर तितका चुना. घरात आम्ल हाताळायचं नसेल तर व्हिनेगर घ्या, पण ते कमजोर असतं. त्यानं फसफसलं तर खात्री समजा, नाही फसफसलं तर निष्कर्ष काढू नका.

ताणाच्या वेळी बोअरचं पाणी देत असाल तर पाइपच्या तोंडावर, ठिबकच्या ड्रिपरवर पांढरा थर जमतो का बघा. जमत असेल तर पाण्यात बायकार्बोनेट आहेत. ते मुळाशी साठले की लोह आणि जस्त दोन्ही अडकतात, आणि मुळाची वाढही खुंटते. बोअरचं पाणी दिल्यावर दोन दिवसांनी पिवळेपणा वाढतो, पाऊस झाला की कमी होतो, असं ज्यांच्याकडं होतं त्यांना हे लगेच पटेल.

चौथी: चार पट्ट्यांची फवारणी

माझ्या मते सगळ्यात कामाची तपासणी ही. खर्च चहापाण्याइतका, आणि उत्तर प्रयोगशाळेच्या आधी. पिवळ्या भागात काही पावलं लांबीच्या चार पट्ट्या काठ्या रोवून आखा. एकीवर नुसतं पाणी. दुसरीवर १० लिटरला २०० ग्रॅम युरिया. तिसरीवर १० लिटरला ५० ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट, म्हणजे लोहाचं मीठ) आणि १० ग्रॅम लिंबूसत्त्व. चौथीवर १० लिटरला ५० ग्रॅम झिंक सल्फेट आणि २५ ग्रॅम चुन्याची गाळून घेतलेली निवळी. चुना यासाठी की नुसत्या झिंक सल्फेटनं कोवळी पानं भाजतात. लिंबूसत्त्व यासाठी की आपल्या जड पाण्यात हिराकस लगेच तपकिरी होऊन वाया जातो. द्रावण मिसळल्या मिसळल्या फवारा, संध्याकाळी फवारा, उद्यासाठी ठेवू नका.

हिराकस घेताना खडा हिरवट असला पाहिजे. पिवळट-तपकिरी भुकटी झालेला माल घेऊ नका, त्यातलं लोह आधीच गंजलंय. आणि निळा खडा म्हणजे मोरचूद, तो वेगळा. दुकानात गर्दीच्या वेळी हा घोळ होतो.

आठवडाभर थांबा. हिराकसाच्या पट्टीत कोवळ्या पानांवर जिथं जिथं थेंब पडला तिथं तिथं हिरवे ठिपके उमटले तर निदान झालं, वाद संपला. युरियाच्या पट्टीत अख्खं रोप एकसारखं उजळलं तर नत्र. जस्ताचा परिणाम उशिरा, नव्या पानावर दिसतो. तपकिरी ठिपक्यांची जुनी पानं पुन्हा हिरवी होत नाहीत, ती धरून बसू नका. पाण्याच्या पट्टीतही साळ सुधारली असेल तर ती पावसानं सुधारली, कुणाच्या औषधानं नाही. ही पाण्याची पट्टी लोक गाळतात, आणि मग जे फवारलं त्याला श्रेय देतात.

रानभर फवारायचं ठरलं तर हेच प्रमाण, दहा-बारा दिवसांच्या अंतरानं दोन-तीन वेळा. लोह जुन्या पानातून नव्या पानात सरकत नाही, म्हणून एका फवारणीनं भागत नाही.

भाताच्या पानांचा रंगतक्ता वापरणाऱ्यांसाठी एक सूचना. तो नत्र मोजायला आहे. लोहाअभावी पिवळ्या पडलेल्या पानाला तो लावला तर तो दर वेळी युरियाच मागेल.

पाचवी: खत कसं पडलं

नत्राचं नाव निघालं तरी गोणी लगेच ओतू नका. आधीची कुठं गेली ते बघा. कोरड्या, चुनखडीच्या रानावर वरून फेकलेला युरिया अमोनिया होऊन हवेत उडतो. आणि रान आज ओलं, उद्या कोरडं, परवा पुन्हा तुडुंब, असं झालं की नत्राचं आधी नायट्रेट होतं आणि मग वायू होऊन तेही जातं. युरियाची ४५ किलोची गोणी म्हणजे साधारण पावणेएकवीस किलो नत्र; त्यातलं किती मुळापर्यंत गेलं हे टाकण्याच्या पद्धतीवर आहे. निंदणी झाल्यावर, ओल असताना, ओळीजवळ टाकून कोळप्यानं मातीत मिसळा, आणि तीन हप्त्यांत द्या.

लोहाची तक्रार असलेल्या रानात मी युरियापेक्षा अमोनियम सल्फेटच्या बाजूनं आहे. मूळ अमोनियम घेतं तेव्हा स्वतःभोवतीची माती थोडी आम्ल करतं, त्यानं लोह सुटतं. नायट्रेट घेतलं की उलटं होतं. शिवाय गंधक मिळतं. महाग पडतं हे खरं.

स्फुरदाची गोष्ट जागेची आहे. नायट्रेट पाण्याबरोबर मुळाकडं चालत येतं, स्फुरद टाकल्या जागेवरून काही मिलिमीटरच सरकतो. वरून फेकलेला डीएपी (नत्र-स्फुरदाचं खत) वरच राहतो, चुन्याशी बांधला जातो, आणि मुळंही त्याच्या नादानं वरच गोळा होतात. दोन चाड्यांच्या पाभरीनं बियाण्याच्या खाली-बाजूला पडला तर मूळ तिथं जाऊन दाट शाखा काढतं. म्हणून विसरलेला डीएपी आता उभ्या पिकात फेकून भरपाई होत नाही. उलट जस्त आधीच कमी असेल तर जादा स्फुरद ते आणखी अडवतो. डीएपीच्या गोणीत नत्र ९ किलो आणि स्फुरद २३ किलो असतं. नत्रासाठी म्हणून डीएपी फेकणाऱ्यांनी हा आकडा एकदा बघावा.

चिलेटेड लोह जमिनीतून द्या असं कुणी सांगितलं तर पाकिटावर वाचा. ईडीटीए असेल तर आपल्या सामूला ते जमिनीत टिकत नाही, फवारणीलाच ठीक. जमिनीत टिकतं ते ईडीडीएचए, आणि त्याची किंमत ऐकून साळीला कुणी टाकत नाही. पांढऱ्या मुळीच्या बाटल्यांनी नुकसान होत नाही, पण त्यांनी चुनखडी जात नाही.

सहावी: माती परीक्षण

हे उभ्या पिकासाठी नाही, पुढच्या हंगामासाठी. एप्रिल-मेमध्ये रान मोकळं असताना नागमोडी चालत आठ-दहा जागी इंग्रजी व्हीच्या आकाराचा वीतभर खड्डा घ्या, कडेची माती खरवडा, एकत्र करून चार भाग पाडत अर्धा किलो उरवा. बांध, झाड, उकिरड्याची जागा टाळा. जस्त-लोह तपासायचं असेल तर गंजकं खुरपं आणि पत्र्याचं घमेलं चालत नाही. लाकडी पट्टी आणि प्लॅस्टिकची बादली घ्या. अर्जावर सूक्ष्म अन्नद्रव्यं असं मुद्दाम लिहा.

अहवालात चार गोष्टी बघा. सामू. क्षारता, म्हणजे ईसी. जस्त किलोला ०.६ मिलिग्रॅमच्या खाली आहे का. लोह ४.५ च्या खाली आहे का. जस्त कमी निघालं तर एकरी ८ ते १० किलो झिंक सल्फेट शेणखतात मिसळून पेरणीआधी, डीएपीपासून वेगळं. दोन-तीन हंगाम पुरतं. लोहासाठी हिराकसही शेणखतात मुरवूनच, नुसता टाकला तर चुन्यात गंजून जातो. आणि बियाणं बदलायचा विचार करा. परभणीच्या कृषी विद्यापीठानं पेरसाळीसाठी काढलेले प्रभावती, पराग, तेरणा हे वाण आपल्या रानात लोहाच्या बाबतीत जास्त तग धरतात. चिखलणीच्या भागातून आणलेलं बियाणं इथं पेरून त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

इथं थांबा आणि तज्ज्ञाला बोलवा

चार पट्ट्यांपैकी एकीनंही आठ-दहा दिवसांत फरक दाखवला नाही, तर पाचवी फवारणी शोधू नका. मुळाला आकड्याच्या गाठी निघाल्या तर घरचा इलाज नाही. कोणतं औषध, किती, आणि टाकावं का, हे तज्ज्ञानं ठरवायचं. सामू ८.५ च्या वर आणि रान ओलं असताना चिकट, सुकल्यावर दगड, वर पांढरा-काळा पापुद्रा, तर ते चोपण आहे. कालव्याखालच्या रानांत हे वाढतंय. तिथं जिप्सम किती, चर कुठं, हे मोजून ठरतं, अंदाजानं टाकलेलं जिप्सम वाया जातं. ईसी ३ च्या वर गेली असेल तरीही आधी विचारा. भात क्षाराला नाजूक आहे. पिवळेपणासोबत बुडाशी तपकिरी तुडतुडे दिसले किंवा पानावर डोळ्यासारखे करड्या मध्याचे ठिपके असले, तर हा लेख तुमच्यासाठी नाही, त्याच दिवशी दाखवा.

आणि साळ पोटरीत आली असेल तर पिवळेपणा घालवायला युरिया टाकू नका. फुटव्यांची वेळ गेली. आता टाकलेलं नत्र पानात जाईल, साळ लोळेल आणि कीड ओढेल.

गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्यांना (पूर्वीचे कृषी सहायक) आधी फोन करा. नांदेडकरांना पोखर्णी आणि सगरोळी, हिंगोलीकरांना तोंडापूर इथं कृषी विज्ञान केंद्र आहे, परभणीत विद्यापीठच आहे. जाताना मोबाइलमधला फोटो पुरत नाही. एक पिवळं आणि एक हिरवं रोप मातीच्या ढेकळासकट ओल्या गोणपाटात गुंडाळून न्या, पट्ट्यांचा कागद न्या, बोअरचं पाणी देत असाल तर स्वच्छ बाटलीत एक लिटर पाणी न्या, आणि पेरणीपासून काय काय टाकलं त्याच्या पावत्या.